बेकारभत्ता

"बेकार" हा शब्द आमच्या घरात जवळजवळ शिवीसारखा वापरला जायचा. भाजी बिघडली तर बेकार, पिक्चर पडेल निघाला तर बेकार, आणि गल्लीतला एखादा पोरगा बारावीनंतर कट्ट्यावर बसलेला दिसला की आई म्हणणार, "बेकार फिरतंय बघ." त्यामुळे १८ जून २०२५ च्या सकाळी, स्टुटगार्टच्या सरकारी रोजगार कार्यालयात काउंटरवरच्या बाईंसमोर उभं राहून मी जेव्हा म्हणालो, "नमस्कार, मला बेकार म्हणून नाव नोंदवायचंय," तेव्हा ते वाक्य जर्मनमधे होतं म्हणूनच तोंडातून निघालं. मराठीत असतं तर घशातच अडकलं असतं.

हे सगळं लिहायचं की नाही यावर दोनतीन वीकेंड गेले. शेवटी म्हटलं लिहून टाकावं. एक तर यातले नियम मला स्वतःला फार उशिरा कळले, आणि दुसरं म्हणजे नियम कळल्यानंतरही मी तीन आठवडे घरी बसून काढले. पहिल्या गोष्टीला अज्ञान म्हणतात. दुसरीला काय म्हणायचं ते मला अजून नीट कळलेलं नाही.

तर झालं असं.

मी मूळचा विट्याचा. सांगली जिल्हा. यंत्रमागांचं गाव. इंजिनीअरिंग झाल्यावर २०१८ मधे मास्टर्स करायला इकडे आलो, २०२१ च्या ऑक्टोबरमधे नोकरीला लागलो. गाड्यांचे सुटे भाग तपासायच्या यंत्रांमधून येणारा डेटा गोळा करणारं सॉफ्टवेअर, असं काहीतरी काम. बरं चाललं होतं. इथेच शिकलेल्यांना दोन वर्षांच्या नोकरीनंतर कायमस्वरूपी राहायचा परवाना मिळू शकतो, तोही मिळाला. आणि मग मला शिंगं फुटली.

आमच्या टीममधे एक फ्रीलान्सर होता. त्याचा रेट तासाला ८५ युरो. मी (आणि तुमच्यापैकीही बऱ्याच जणांनी कधी ना कधी) लगेच गुणाकार केला. ८५ गुणिले ८ गुणिले २० म्हणजे १३,६००. महिन्याला! पगार होता साडेचार हजारांच्या थोडा वर. हा गुणाकार जगातला सगळ्यात धोकादायक गुणाकार आहे. त्यात सुट्ट्या नाहीत, आजारपण नाही, दोन प्रोजेक्टमधला रिकामा काळ नाही, बुडालेली बिलं नाहीत. नोकरीत असताना आरोग्यविम्याचा निम्मा हप्ता कंपनी भरते, स्वतःचा धंदा केला की दोन्ही वाटे आपलेच, हेही त्यात नाही. मी ते सगळं वजा न करताच ३१ डिसेंबर २०२३ ला नोकरी सोडली.

२०२४ मस्त गेलं, हे कबूल करायला हवं. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीचं मोठं काम मिळालं. त्यात दहा महिने गेले. विट्याला दुकानाचं पत्र्याचं छत बदलायला पैसे पाठवले. गावात पप्पा सांगायचे, "पोरगं आता मालक हाय."

नोव्हेंबरमधे त्या कंपनीतून दोन ओळींची मेल आली. वर्षअखेरीस बाहेरच्या लोकांची सगळी कामं बंद. २०२३ आणि २०२४, सलग दोन वर्षं जर्मनीची अर्थव्यवस्था आकसली होती आणि त्यातही आमच्या भागातला गाड्यांचा धंदा बेजार होता. असं झालं की आधी कोणाला कापतात? ज्यांना काढण्यासाठी नोटीस पीरियड लागत नाही त्यांना. ते ८५ युरो नेमके कशाचे असतात हे मला त्या दिवशी समजलं.

जानेवारीत एक छोटं काम केलं. ६,४०० युरोचं बिल पाठवलं. त्या गिऱ्हाइकाने आधी "पुढच्या आठवड्यात", मग "अकाउंट्सशी बोलतो", मग काहीच नाही, असा आपल्याकडच्यासारखाच क्रम पाळला. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. कामाच्या नावाखाली उरलं होतं एका दुकानदाराचा सर्व्हर सांभाळायचं, महिन्याला १५० युरो.

घरी काय सांगत होतो? "चालू आहेत प्रोजेक्ट्स." रोज सकाळी नऊला लॅपटॉप उघडायचो. इनबॉक्स रिफ्रेश करायचो. ज्या लायब्ररीचा कोणालाच उपयोग नाही तिचे टेस्ट केसेस लिहायचो. संध्याकाळी सुपरमार्केट बंद व्हायच्या आधी अर्धा तास जायचो, कारण तेव्हा ब्रेड निम्म्या किमतीला मिळतो. नोकरी गेलेल्या माणसाला निदान माहीत असतं की आपली नोकरी गेली आहे. स्वतःचा धंदा असलेल्याला ते कळायची सोयच नाही. कोणी काढत नाही, कोणी सही घेत नाही. आपला धंदा रोज थोडा थोडा बंद होत असतो आणि आपण त्याला "सध्या जरा स्लो आहे" म्हणत असतो.

मेच्या शेवटी म्युनिकच्या मित्राचा फोन आला. इंजिनीअरिंगपासूनचा मित्र, त्याच्यापुढे नाटक टिकत नाही.

"मग बेकारभत्त्याला अर्ज कर ना," तो म्हणाला.

"मी फ्रीलान्सर आहे. फ्रीलान्सरला मिळत नाही."

"कोणी सांगितलं?"

कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. माझं मीच ठरवलं होतं. फोन ठेवला आणि कायदा वाचायला बसलो. आपण इंजिनीअर लोक तीनशे पानांचं एपीआय डॉक्युमेंटेशन वाचतो, पण ज्या विम्याचा हप्ता २७ महिने पगारातून कापला गेला त्याचं एक पान वाचलेलं नसतं.

आता जरा नियम सांगतो. कंटाळा आला तर पुढचे दोनचार परिच्छेद सोडा, पण इकडे असाल तर सोडू नका.

जर्मनीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपले लोक त्यांची हमखास गल्लत करतात. एक म्हणजे करातून दिली जाणारी मदत, ज्याच्याकडे दुसरं काहीच नाही त्याच्यासाठी. २००५ पासून तिला हार्ट्झ फोर म्हणायचे, २०२३ मधे तिचं नाव ब्युर्गरगेल्ड झालं. त्यात तुमची बचत बघतात, घरात कोण कमावतं ते बघतात. दुसरी म्हणजे आर्बाइट्सलोझेनगेल्ड. हा सरळ विमा आहे. १९२७ च्या कायद्याने सुरू झालेला. नोकरदाराच्या पगारातून हप्ता जातो, तेवढाच कंपनी भरते. २०२३ मधे दोघांचा मिळून पगाराच्या २.६ टक्के होता, म्हणजे माझ्या खिशातून महिन्याला साठेक युरो. यात तुमच्या बँकेत किती आहेत हे कोणी विचारत नाही. गाडीचा विमा देताना तुमची एफडी किती असं विचारतात का? तसंच.

हा विमा मिळायला मागच्या ३० महिन्यांत १२ महिने हप्ता भरलेला असावा लागतो. बस. मधे तुम्ही धंदा केला की झोपा काढल्या, त्याला महत्त्व नाही. ३० महिन्यांच्या खिडकीत १२ महिने बसले पाहिजेत. इंटरव्ह्यूमधे विचारतात ना तो स्लायडिंग विंडोचा प्रश्न, तोच. फक्त इथे ऍरे माझ्या आयुष्याचा होता.

मी खरंच पायथॉनमधे चार ओळी लिहून बघितलं. माझा शेवटचा हप्ता डिसेंबर २०२३ चा. आज नाव नोंदवलं तर खिडकी इतक्या तारखेपासून, तिच्यात इतके दिवस. उद्या नोंदवलं तर एक दिवस कमी. परवा आणखी एक. जुलै २०२५ च्या पहिल्या आठवड्यात आकडा बारा महिन्यांच्या खाली जात होता. म्हणजे तोपर्यंत गेलो तर वर्षभराचा भत्ता, कारण एकदा पात्र ठरलात की किती काळ द्यायचा हे ठरवताना मागच्या पाच वर्षांतले हप्ते मोजतात आणि माझे त्यात चोवीसच्या वर भरत होते. आणि एक दिवस जरी उशीर झाला तर शून्य. अर्धा नाही, पाव नाही. शून्य.

आणखी दोन गोष्टी कळल्या. नोकरी स्वतःहून सोडली तर एरवी बारा आठवडे भत्ता रोखतात आणि मुदतीतूनही कापतात, पण सोडून वर्षाहून जास्त काळ लोटला असेल तर ती कात्री लागत नाही. आणि भत्ता मोजताना माझी फ्रीलान्सिंगची कमाई, किंवा तिचा अभाव, बघणार नव्हते. शेवटच्या नोकरीचा शेवटच्या वर्षाचा पगार धरून, कर आणि विमा वजा करून जे उरतं त्याच्या ६० टक्के. मूल असेल तर ६७. माझ्या हिशेबाने महिन्याला अठराशेच्या आसपास.

तिसरी गोष्ट कळली तेव्हा मात्र कपाळावर हात मारून घेतला. २००६ पासून इथे स्वतःचा धंदा करणाऱ्यालाही हा विमा स्वेच्छेने पुढे चालू ठेवता येतो. अट एकच, धंदा सुरू केल्यापासून तीन महिन्यांत अर्ज करायचा. २०२४ मधे माझ्यासारख्या नवख्याला त्याचा हप्ता महिन्याला साधारण ४६ युरो पडला असता. दोन माणसांचं बाहेरचं एक जेवण. तो घेतला असता तर खिडकी सरकलीच नसती. याबद्दलचं एक माहितीपत्रक माझ्या ड्रॉवरमधे होतं, पाकीट फोडलेलं, वर कॉफीच्या कपाचा गोल डाग. मी त्याचा कोस्टर केला होता :)

असो.

तर मेच्या शेवटी मला सगळं माहीत झालं होतं. कायदा माझ्या बाजूने, तारीख समोर. तुम्ही म्हणाल, मग दुसऱ्या दिवशी गेला असशील. नाही गेलो. पहिला आठवडा "ते ६,४०० येतील" म्हणून गेला. दुसरा आठवडा एका एजंटने "ऑलमोस्ट कन्फर्म" म्हटलेल्या प्रोजेक्टची वाट बघण्यात. तिसऱ्या आठवड्यात कारणंही संपली आणि मी नुसताच बसून राहिलो.

खरं कारण ऑनलाइन अर्जाच्या एका रकान्यात होतं. "स्वतंत्र व्यवसाय बंद केल्याची तारीख." आठवड्याला पंधरा तासांपेक्षा कमी काम असेल तर तुम्ही बेकार धरले जाता, त्यामुळे त्या सर्व्हरच्या कामाला हरकत नव्हती, पण मुख्य धंदा कधी थांबवला ते लिहायचं होतं. कॅलेंडरचं छोटं चिन्ह, क्लिक करा, तारीख निवडा. पप्पांनी गावभर सांगितलेलं "मालक" त्या रकान्यात संपत होतं.

पप्पांबद्दल थोडं सांगायला हवं. त्यांचं विट्यात मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. शेतातले पंप, यंत्रमागाच्या मोटारी. जळालेली मोटार येते, जुनी तार उपसायची, नवी तांब्याची तार भरायची, वार्निश मारून सुकवायची. पस्तीस वर्षं झाली. या पस्तीस वर्षांत त्यांनी एक दिवसाचा पगार घेतलेला नाही आणि एक दिवसाची भरपगारी रजाही नाही. २०२० च्या लॉकडाउनमधे दुकानाचं शटर खाली होतं. त्याच महिन्यांत इथे माझ्या शेजारच्या व्हायोलिन शिकवणाऱ्या बाईंनी फॉर्म भरला आणि त्यांच्या खात्यात सरकारी मदत जमा झाली, एकट्याने काम करणाऱ्यांना तीन महिन्यांसाठी नऊ हजार युरोपर्यंत होती ती. पप्पांना विचारलं तर म्हणाले, "भागतंय." कसं भागतंय ते सांगितलं नाही. आईच्या पाटल्या घरात नाहीत हे मला २०२२ ला गावी गेल्यावर कळलं.

अशा माणसाच्या मुलाने, हातपाय धड असताना, सरकारकडे भत्ता मागायचा? हे माझ्या डोक्यात चाललं होतं. कायद्याच्या कुठल्याही कलमात त्याचं उत्तर नव्हतं.

१५ जूनच्या रविवारी फोन केला. नेहमीसारखं पाऊस झाला का, गुडघा कसा आहे. मग पप्पा म्हणाले, "आवाज का असा येतोय तुझा?"

सांगून टाकलं. "पप्पा, काम नाहीये. जानेवारीपासून."

पलीकडे काही सेकंद नुसता पंख्याचा आवाज. मग, "खायाप्यायचं?"

"सप्टेंबरपर्यंत पुरेल."

"मग?"

मग भत्त्याचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "फुकट देणार?"

"फुकट नाही. नोकरी होती तेव्हा दर महिन्याला कापून घेत होते."

"म्हणजे तू भरल्यालं?"

"हो."

"मग त्यात अडतंय कुठं?"

मी काहीतरी पुटपुटलो. लाज वाटते, तुम्ही कधी कुणाकडे हात पसरला नाही, वगैरे. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी मला जे सांगितलं ते एकोणतीस वर्षांत एकदाही सांगितलेलं नव्हतं.

"माझी आई बहात्तरला खडी फोडायला जात हुती. माहिताय का तुला?"

माहीत नव्हतं. आजीचं माहेर-सासर दोन्ही आटपाडीकडचं, दुष्काळी मुलूख. पण मला माहीत असलेली आजी म्हणजे नाकात नथ, पाटावर बसून हुकूम सोडणारी बाई. १९७२ च्या दुष्काळाबद्दल मी शाळेत चार ओळी वाचल्या होत्या. त्यात आमच्या घरातलं कोणी असेल असं कधी वाटलं नव्हतं.

"मी सहा वर्षाचा आसन. सरकारनं रस्त्याचं काम काढल्यालं. तिथं सुकडी मिळायची म्हणून मी बी मागं मागं जायचो. आईला लाज वाटायची. वळखीचं कोण आलं की पदर पुढं वढायची न् खाली बघून हातोडा मारत बसायची. पण एक दिवस खाडा न्हाई केला. ती गेली म्हणून आमी ऱ्हायलो." मग थांबून म्हणाले, "लाज वाटली तर वाटू दे. पण जा."

फोन ठेवल्यावर बराच वेळ काही केलं नाही. रात्री मात्र आमच्या खानदानी सवयीप्रमाणे वाचत बसलो, आणि एक गंमत सापडली. त्या बहात्तरच्या दुष्काळी कामांच्या अनुभवातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मधे तिचा कायदा झाला, काम मागेल त्याला काम. तिच्यासाठी पैसा उभा करायला १९७५ मधे व्यवसाय कर आणला गेला. म्हणजे पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्यांनो, तुमच्या सॅलरी स्लिपवर "प्रोफेशनल टॅक्स २००" अशी जी ओळ असते आणि जिच्याकडे आपण कधी बघत नाही, तिचं मूळ आजीच्या खडीच्या ढिगाऱ्यात आहे. माझ्या इथल्या स्लिपवरही अशीच एक ओळ होती. साठ युरोची. तिच्याकडेही मी कधी बघितलं नव्हतं.

बुधवारी गेलो. खरं तर नोंदणी घरबसल्याही करता येते, परवान्याच्या कार्डात तशी चिप असते. पण तिचा पिन ज्या पाकिटात आला होता ते पाकीट मला सापडेना (माझ्या आणि पाकिटांच्या संबंधांबद्दल वर आलंच आहे). म्हणून प्रत्यक्ष.

माझ्या डोक्यात जे चित्र होतं तसं तिथे काहीच नव्हतं. रांग होती, पण पासपोर्ट ऑफिसात असते तशी. पुढे एक सूट घातलेला पन्नाशीचा माणूस, मागे एक मुलगी पोटाशी बाळ बांधून. काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्ट, परवान्याचं कार्ड बघितलं आणि विचारलं, शेवटची नोकरी कधी संपली. मी तारीख सांगितली. त्यांनी कीबोर्डवर काहीतरी बडवलं, स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बरं झालं या महिन्यात आलात," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे," मी म्हणालो.

"माहीत होतं तर आधी का नाही आलात?"

याचं उत्तर माझ्या जर्मनच्या आवाक्याबाहेरचं होतं. मी नुसता हसलो. त्याही हसल्या. त्यांना हे उत्तर रोज मिळत असावं.

तारखेचा रकाना मी तिथेच, उभ्या उभ्या भरला. पाच सेकंद लागले.

पुढची यंत्रणा सुरळीत. जुन्या कंपनीने माझ्या पगाराचा दाखला इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवला, २०२३ पासून तो तसाच पाठवावा लागतो. काही आठवड्यांनी पत्र आलं: दिवसाला इतके युरो, महिना तीस दिवसांचा धरून, वर्षभरापर्यंत. पैसे महिना संपल्यावर जमा होणार. आरोग्यविम्याचा हप्ता आता तेच भरणार. हे शेवटचं वाक्य वाचून मला जेवढं हलकं वाटलं तेवढं पैशांच्या आकड्याने वाटलं नाही. गेले काही महिने दाढ दुखत होती आणि मी डेंटिस्टकडे जात नव्हतो, जाणं झाकलेलं असूनही. हप्ताच थकेल की काय या भीतीने माणूस असा चक्रम वागतो.

फुकट काही नसतं, अटी भरपूर. नोकरी शोधायची आणि शोधतोय हे दाखवायचं. बोलावलं की जायचं. कामाच्या दिवशी पत्ता सोडायचा नाही, गावी जायचं असेल तर आधी परवानगी, तीही वर्षाला तीन आठवड्यांपर्यंत. इतर कमाई महिन्याला १६५ युरोपर्यंत चालते, त्याच्या वरची भत्त्यातून वळती होते. माझ्या सर्व्हरवाल्याचे १५० बरोबर खाली बसत होते, तरी दर महिन्याला ते कळवायचे. मामेबहिणीच्या लग्नाला जाता आलं नाही. मामीला काय सांगायचं हा प्रश्न होता, तर आईने परस्पर सांगून टाकलं, "त्याला सुट्टी नाही." तांत्रिकदृष्ट्या अगदी खरं होतं ते!

एकूण १०३ दिवस भत्ता घेतला. १ ऑक्टोबर २०२५ पासून पुन्हा नोकरीला लागलो. रेल्वेच्या सिग्नलशी संबंधित सॉफ्टवेअर, पगार पूर्वीपेक्षा थोडासाच जास्त. तासाला ८५ नाही. ते ६,४०० युरो अजून आलेले नाहीत. घाईघाईत पहिली मिळेल ती नोकरी पकडावी लागली नाही, चार ठिकाणच्या मुलाखतींतून एक निवडता आली, हा त्या १०३ दिवसांचा खरा फायदा.

डिसेंबरमधे गावी गेलो होतो. पप्पांसोबत दुकानात बसलो. ते एका पंपाची कॉइल भरत होते, मी तारेचं रीळ धरून. डोक्यात एक प्लॅन घेऊन गेलो होतो, म्हटलं यांच्यासाठी काहीतरी करू. आधीच बघून ठेवलं होतं. नोकरी गेलेल्याला भत्ता आपल्याकडेही मिळतो, ईएसआयची २०१८ ची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, पण तो ईएसआयमधे विमा उतरवलेल्या कामगारालाच. दुकानदार त्यात येत नाही. पेन्शनचं बघितलं तर अटल पेन्शन २०१५ ची आणि श्रमयोगी मानधन २०१९ ची, दोन्हींत शिरायचं वय १८ ते ४०. पहिली आली तेव्हाच पप्पा ४९ चे होते. म्हणजे कुठलीही खिडकी उघडली तेव्हा हे आधीच पलीकडे निघून गेलेले. माझी खिडकी माझ्या आळसाने बंद होणार होती. यांची कधी उघडलीच नव्हती.

मी हे सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी तार कापली, चष्मा वर केला.

"तुझं ते कापून घेत्यात, ते परत चालू झालं का आता?" त्यांनी विचारलं.

"हो. दर महिन्याला."

"किती?"

सांगितलं. त्यांनी मनात रुपये केले असावेत, कारण भुवया वर गेल्या.

"घिऊ दे," ते म्हणाले. "कुणाच्या तरी कामाला यील. धर नीट ते रीळ."

जानेवारीपासून त्यांच्या नावाने दर महिन्याला एक रक्कम वेगळ्या खात्यात टाकतो. माझ्याकडची पहिली ओळ नोकरीवाले कापतात, दुसरी मी स्वतः कापतो. पप्पांना ते पेन्शन आहे असं सांगितलेलं नाही. म्हटलंय की दुकानाच्या छताचे उरलेले पैसे आहेत.

आणि हो, म्युनिकचा तो मित्र येत्या महिन्यात नोकरी सोडून फ्रीलान्सिंग करतोय. त्याने फोनवर मला ८५ ऐवजी ९५ चा गुणाकार ऐकवला. मी मधेच तोडून म्हणालो, पहिल्या तीन महिन्यांत तो विम्याचा अर्ज भर, बाकी काय करायचं ते कर.

"किती निगेटिव्ह बोलतोस रे," तो म्हणाला.

मी त्याला फॉर्म पाठवून दिला आहे. कोस्टर करू नकोस असंही लिहिलंय.